सोलापूर–नागपूर ट्रकभाडे : दोन्हीकडून पैसे घेऊन गायब झालेला दलाल

सोलापूरहून नागपूरला टॉवेलच्या गाठी पाठवताना आमची जी फसवणूक झाली, तिच्यात माल चोरीला गेला नाही, गाडी खोटी नव्हती आणि ड्रायव्हरही सरळ माणूस होता. तरीही एकाच खेपेचे बरेचसे भाडे आम्हाला दोनदा मोजावे लागले. ट्रकने माल पाठवणाऱ्या कोणाच्याही बाबतीत हे घडू शकते आणि गाडी भरली जाईपर्यंत त्यात संशय यावा असे काहीही दिसत नाही, म्हणून हा प्रकार तपशिलाने लिहीत आहे.

सणाच्या आधीच्या गर्दीत नेहमीच्या ट्रान्सपोर्टकडे गाडी शिल्लक नव्हती. ऑनलाइन यादीत मिळालेल्या एका क्रमांकावर चौकशी केली, तेव्हा समोरच्या गृहस्थाने गाठी किती, वजन किती, बॉडी उघडी चालेल की बंद हवी, हमाली कोणाकडे, असे या धंद्यातला माणूस विचारतो तेच प्रश्न विचारले. नागपूरकडे परत निघालेली एक गाडी आहे, तिला परतीचे भाडे हवे आहे, म्हणून दर थोडा कमी पडेल, असे त्याने सांगितले. परतीच्या गाडीचा दर खरोखरच कमी असतो, त्यामुळे हे कारण पटण्यासारखे होते. त्याने जीएसटी क्रमांक, व्हिजिटिंग कार्ड आणि गाडीच्या आरसीचा फोटो लगेच पाठवला. ठरलेल्या वेळी गाडी आली, गाठी भरल्या, ताडपत्री बांधली गेली आणि बिल्टीची, म्हणजे वाहतूकदार देतो त्या मालाच्या पावतीची, पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवर आली. मग डिझेल आणि टोलसाठी भाड्याचा मोठा हिस्सा तातडीने खात्यावर टाकण्याची विनंती झाली. खाते कंपनीच्या नावाचे नसून एका व्यक्तीचे होते. 'ते आमच्या कॅशियरचे आहे,' असे उत्तर मिळाले. पैसे गेले आणि थोड्याच वेळात तो फोन बंद झाला.

गाडी तुळजापूरच्या अलीकडे थांबली होती. ड्रायव्हरच्या फोनवरून गाडीमालक बोलले. "शेठ, मला एक रुपया आलेला नाही. डिझेलचे पैसे आल्याशिवाय गाडी पुढे जाणार नाही," एवढेच त्यांचे म्हणणे होते आणि ते रास्त होते. आम्ही दिलेली रक्कम त्यांच्यापर्यंत पोहोचलीच नव्हती. उलट, भाडे मिळवून दिल्याची दलालीही त्याच माणसाने त्यांच्याकडून आगाऊ घेतली होती. माल भाडे मिळेपर्यंत अडवून ठेवण्याचा हक्क अशा मालकाला आहे की नाही, यावर वकील हवा तेवढा वाद घालतील. पण माल त्याच्या चाकांवर असतो आणि नागपूरचा व्यापारी वाट पाहत असतो.

या फसवणुकीची खरी किल्ली नंतर हाती आली. आम्ही आणि गाडीमालकांनी आपापले संदेश एकमेकांना दाखवले, तेव्हा आम्हाला सांगितलेला दर बाजारभावापेक्षा कमी आणि त्यांना कबूल केलेला दर बाजारभावापेक्षा जास्त असल्याचे दिसले. खरा दलाल पाठवणाऱ्याकडून जास्त घेतो, गाडीला कमी देतो आणि मधला फरक त्याची कमाई असतो. ज्याला गाडीला काही द्यायचेच नाही, तो दोन्ही बाजूंना हवा तो आकडा सांगू शकतो, म्हणूनच गाडीही लगेच मिळते आणि गिऱ्हाईकही. हे उघडे पडू नये यासाठी त्याने आम्हाला बजावले होते की ड्रायव्हरशी भाड्याचे बोलू नका, तो वाढवून मागेल; आणि गाडीमालकांना सांगितले होते की पार्टीशी पैशांचा विषय काढू नका, भाडे हातचे जाईल. दलालाने दोन्ही दर झाकून ठेवणे हा या धंद्याचा जुना रिवाज आहे आणि हा लबाड नेमका त्या रिवाजाच्या आडोशाला उभा होता. गाडी भरायला लागण्यापूर्वी आरसीवरच्या मालकाशी थेट बोलून 'तुमचे भाडे किती ठरले आणि आगाऊ कोण देणार' एवढे विचारले, तर हा डाव तिथेच कोसळतो. खऱ्या दलालाला ते आवडणार नाही, पण त्याचे नुकसानही होणार नाही.

कागदांबद्दल थोडे विस्ताराने सांगायला हवे, कारण कागद बहुतेक खरेच होते. पंधरा अक्षरांचा जीएसटी क्रमांक जीएसटीच्या पोर्टलवर टाकला की नोंदणीचे नाव, पत्ता आणि नोंदणी चालू आहे की रद्द, हे कोणालाही पाहता येते. त्यातले पहिले दोन अंक राज्याचे असतात, महाराष्ट्राचे २७, आणि पुढची दहा अक्षरे म्हणजे त्या व्यवसायाचा पॅन. आम्हाला पाठवलेला क्रमांक दुसऱ्या शहरातल्या एका खऱ्या वाहतूक कंपनीचा होता आणि तिला या प्रकाराची कल्पनाही नव्हती. म्हणजे क्रमांक खरा आहे हे पाहणे पुरेसे नाही. ज्या खात्यात पैसे मागितले जातात त्याचे नाव आणि नोंदणीचे नाव एकच आहे का, हे पाहावे लागते, आणि कंपनीला फोन करायचा तर समोरच्याने दिलेल्या क्रमांकावर न करता स्वतः शोधलेल्या क्रमांकावर करावा लागतो. गाडीची माहिती एमपरिवहन अ‍ॅपवर मिळते, पण तिथे फक्त गाडी खरी आहे एवढेच कळते. ती गाडी या माणसाच्या हुकमातली आहे, हे अ‍ॅप सांगत नाही. जिथे नंबरप्लेटच दुसऱ्या गाडीची लावून माल पळवला जातो, तिथे मात्र आरसीवरचा चासी क्रमांक गाडीवरच्या क्रमांकाशी ताडून पाहण्याचा उपयोग होतो.

बिल्टीचा प्रश्न सर्वांत गंभीर आहे. रस्त्याने मालवाहतूक करणाऱ्यांसाठी २००७ चा कॅरेज बाय रोड कायदा आहे आणि तो २०११ पासून लागू आहे. त्यानुसार सामान्य वाहकाने नोंदणी करणे आणि मालाची पावती देणे बंधनकारक आहे. माल हरवला किंवा खराब झाला तर वाहकाची जबाबदारी नियमांप्रमाणे भाड्याच्या दहापटीपर्यंत मर्यादित राहते. भाडे २५,००० रुपये आणि माल आठ लाखांचा असेल, तर अडीच लाखांच्या पुढे दावा टिकत नाही. जास्त जबाबदारी हवी असल्यास मालाची जास्त किंमत आधीच लेखी नोंदवून त्याचा जादा आकार भरावा लागतो. दाव्यापूर्वी लेखी नोटीस द्यावी लागते आणि तिची १८० दिवसांची मुदत माल बुक केल्याच्या तारखेपासून मोजली जाते. हे सगळे संरक्षण खऱ्या बिल्टीला आहे. दुसऱ्याच्या नावाने छापलेली पीडीएफ हातात असेल, तर नोटीस पाठवायची कोणाला, हाच पहिला प्रश्न उभा राहतो. ट्रान्झिट विमाही मालाच्या नुकसानीसाठी असतो; दोनदा दिलेले भाडे तो परत करत नाही.

गाडी थांबून राहिली की आणखी एक घड्याळ चालू असते. राज्यांतर्गत मालाची किंमत एक लाखाच्या वर असेल तर महाराष्ट्रात ई-वे बिल, म्हणजे माल नेण्यासाठी जीएसटीखाली ऑनलाइन काढायचा कागद, लागते आणि त्याची मुदत दर २०० किलोमीटरला एक दिवस अशी मिळते. सोलापूर ते नागपूर अंतर सहाशे किलोमीटरच्या घरात आहे, म्हणजे भाड्याचा वाद मिटेपर्यंत ही मुदत बघता बघता संपू शकते. मुदत संपण्याच्या आठ तास आधीपासून आठ तास नंतरपर्यंतच ती वाढवता येते. ती वेळ चुकली आणि रस्त्यात तपासणी झाली, तर दंडाचा वेगळाच विषय सुरू होतो. लबाडाला ही घाई ठाऊक असते. आम्ही गाडीमालकांशी तडजोड केली : डिझेल आणि ड्रायव्हरच्या खर्चापुरती रक्कम त्यांच्या खात्यावर लगेच, आणि बाकीची नागपूरला गाठी मोजून उतरल्यावर. दलालाने कबूल केलेल्या वाढीव दराचा आग्रह त्यांनी सोडला, हा त्यांचा मोठेपणा.

ऑनलाइन गेलेल्या पैशांसाठी १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी आणि ती होईल तितक्या लवकर नोंदवावी, कारण रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवली गेली तरच हाती लागते. आमची बहुतेक रक्कम तोवर सरकली होती. पोलीस ठाण्यात सुरुवातीला हा देण्याघेण्याचा दिवाणी वाद असल्याचे ऐकावे लागले. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ प्रमाणे फसवणूक ठरण्यासाठी बेइमानीचा हेतू सुरुवातीपासूनच होता, हे दिसावे लागते. भाडे ठरवून नंतर पैसे थकवणे आणि पैसे द्यायचेच नाहीत म्हणून भाडे ठरवणे यांत कायदा फरक करतो. तो हेतू दाखवणारा पुरावा आमच्या एकट्याच्या संदेशांत नव्हता. आमच्याकडचा कमी दर आणि गाडीमालकांकडचा जास्त दर, एकाच दिवशी एकाच क्रमांकावरून कळवलेले, शेजारी शेजारी ठेवल्यावर तक्रार लिहून घेण्यात आली, आणि त्यासाठी गाडीमालकांनी एका खेपेचे भाडे सोडून सोलापूरला येऊन स्वतंत्र जबाब दिला.