लॅपटॉपवरचं स्टॉपवॉच दाखवून गळ्यात मारलेला हाय-स्पीड कॅमेरा

मुंबईतल्या गाळ्यांमधून हाय-स्पीड कॅमेऱ्याची सिस्टिम विकत फिरणारा एक सप्लायर आम्हाला भेटला. ज्यांची मशीन वेगात चालतात आणि मधेच अडकतात, त्या सगळ्यांनी हे वाचावं.

भांडुपला आम्ही बाटल्यांना झाकण लावायची मशीन बनवतो. ती मधेच का अडकते ते पाहायला हा कॅमेरा घेतला. असा कॅमेरा सतत मेमरीत चित्रण करत राहतो आणि जुनं पुसत जातो. मशीनवरच्या, बाटली ओळखणाऱ्या सेन्सरची पल्स (विजेचा छोटा इशारा) आली की त्या क्षणाच्या आधीची-नंतरची काही सेकंदं जपून ठेवतो. आम्हाला हेच हवं होतं. कोटेशनवर लिहिलं होतं: १००० फ्रेम प्रतिसेकंद, ट्रिगरची (पल्स आल्याचा क्षण पकडण्याची) अचूकता एक मिलिसेकंद.

डेमोला त्याने स्वतःचा लॅपटॉप आणला, स्क्रीनवर मिलिसेकंदांचं स्टॉपवॉच चालवलं आणि त्याचंच चित्रण करून दाखवलं. फ्रेमवरची वेळ आणि घड्याळातले आकडे अगदी जुळले. फसवणुकीचं मूळ इथेच आहे. साधा लॅपटॉपचा स्क्रीन सेकंदाला ६० वेळा बदलतो, म्हणजे आकडा हलतो तो जवळजवळ १७ मिलिसेकंदांनी. अशा घड्याळासमोर १००० फ्रेमचा कॅमेरा आणि २५० फ्रेमचा कॅमेरा सारखेच दिसतात. शिवाय फ्रेमवर वेळ टाकणारं सॉफ्टवेअरही त्याच लॅपटॉपवर चालू होतं. साक्षीदारही त्याचाच आणि घड्याळही त्याचंच!

मशीन गिऱ्हाइकाकडे लागल्यावर त्रास सुरू झाला. सेन्सरने बाटली पाहिल्यापासून ६० मिलिसेकंदांनी झाकण लावणारा सिलिंडर (दट्ट्या) सुटायला हवा. चित्रणात तो कधी ४० ला सुटलेला दिसे, तर कधी १६ ला. गिऱ्हाइकाच्या इंजिनिअरने सरळ आमच्या फिटर मामांवर बोट ठेवलं, सेन्सर यांनीच चुकीचा लावलाय म्हणून. हयात या कामात घालवलेल्या माणसाला चार लोकांसमोर हे ऐकून घ्यावं लागलं. माझा खरा राग त्याचा आहे, पैशांचा नंतर.

मामा म्हणाले, "मशीन नंतर बघू, आधी कॅमेराच तपासू." लॅमिंग्टन रोडवरून एलईडी आणला. सेन्सरच्या २४ व्होल्टच्या त्याच पल्सवर, मध्ये २.२ किलोओहमचा अर्ध्या वॅटचा रेझिस्टर घालून तो जोडला आणि कॅमेऱ्याच्या चौकटीत ठेवला. एलईडी पेटायला मायक्रोसेकंदही पुरतात, तेव्हा ज्या फ्रेमवर 'शून्य' (म्हणजे पल्स आल्याचा क्षण) लिहिलंय त्याच फ्रेममध्ये तो पहिल्यांदा पेटलेला दिसायला हवा. आमच्याकडे तो शून्याच्या कधी २० तर कधी ४४ मिलिसेकंद आधीच पेटलेला होता. म्हणजे 'शून्य' तेवढं उशिरा पडत होतं. हा उशीर दर वेळी तेवढाच असता तर वजा करून काम चाललं असतं. तो दर वेळी वेगळा येत होता, त्याला इलाज नाही. पल्स कॅमेऱ्यात न जाता यूएसबीने कॉम्प्युटरकडे जात होती आणि वेळ सॉफ्टवेअर आपल्या सवडीने टाकत होतं. विंडोजचं साधं टायमर मुळातच साधारण १५.६ मिलिसेकंदांच्या टप्प्यांनी पुढे सरकतं.

मग फ्रेमचा वेग तपासला. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे जुनी चोकवाली ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होते. खऱ्या १००० फ्रेममध्ये एक चढ-उतार साधारण १० फ्रेममध्ये हळूहळू झालेला दिसतो. इथे उजेड चार फ्रेम जागच्या जागी आणि पाचव्याला एकदम उडी. खात्रीसाठी लेन्सवर झाकण लावून कच्ची फाइल काढली. (कॉम्प्रेस केलेली चालत नाही, तिच्यात बारीक दाणा, म्हणजे चित्रातले बारीक ठिपके, पुसला जातो.) कॅमेऱ्यातल्या चित्र टिपणाऱ्या सेन्सरच्या दोन खऱ्या फ्रेमचा दाणा कधीच हुबेहूब जुळत नाही. इथे चार-चार फ्रेम पिक्सेलला पिक्सेल सारख्या होत्या. कॅमेरा २५० चा, बाकीच्या नुसत्या नकला.

सप्लायरला क्लिप पाठवल्या. आधी म्हणाला, तुमची वायरिंग चुकली. मग म्हणाला, एलईडी जोडल्याने वॉरंटी गेली. आता फोन उचलत नाही.

घेणार असाल तर या तिन्ही तपासण्या स्वतःच्या मशीनवर, स्वतःच्या एलईडीने करा. त्या पास झाल्यावरच उरलेली रक्कम मिळेल, असं पर्चेस ऑर्डरमध्ये लिहा. २०१९ च्या ग्राहक कायद्यात धंद्यासाठी घेतलेला माल सहसा बसत नाही, त्यामुळे तिकडे फार भिस्त ठेवू नका. आम्ही भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ (फसवणूक) खाली पोलिसांत तक्रार दिली आहे. सोबत कच्च्या फाइली जोडल्यात आणि त्याच्या सहीचं कोटेशनही, ज्यावर '१००० फ्रेम' आणि 'एक मिलिसेकंद' स्पष्ट छापलेलं आहे.