समास न कापणारे बाइंडर, चिपळूण

चिंचनाक्याहून बाजाराकडे जाताना झेरॉक्सच्या दुकानाला लागून एक अरुंद जिना आहे. पाटी नाही. वर बुकबाइंडर काका बसतात. जुनं पुस्तक बांधून घ्यायचं असेल तर त्यांच्याकडेच द्या.

आमच्याकडे दाते-कर्व्यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाचे सातही खंड आहेत, १९३२ ते १९३८ मधले, आजोबांनी घेतलेले. २२ जुलै २०२१च्या पुरात खालच्या फळीवरचे दोन भिजले. त्यातला एक मी आधी मोठ्या शहरात एकाकडे दिला होता. त्याने तिन्ही कडा मशीनवर कापून पुस्तक चकचकीत करून दिलं. आजोबांनी समासात पेन्सिलीने लिहिलेलं निम्मं त्या कातरणांबरोबर गेलं. घरी येऊन पानं उलटताना मला रडू आवरेना. दुसरा खंड मग दोन वर्षं कुणाच्या हाती दिला नाही.

काकांनी तो माझ्यासमोरच उसवला. एका पानाशी त्यांचा हात थांबला. "बाई, हितं कुणीतरी लिहिलंय. कापायचं नाही ना?"

'पाखंड' या शब्दासमोर, अगदी कडेला, आजोबांचं बारीक अक्षर: 'सोपारा. पासंड = पंथ. शिवी नव्हे.'

आमच्या घरात हा शब्द शिवीच होता. आजोबांच्या धाकट्या भावाने श्राद्ध करणं सोडलं, तेव्हापासून आजी त्यांना 'तो पाखंडी' म्हणायची. त्यांच्या घरचं पाणीही घेऊ द्यायची नाही. टीव्हीवर 'पाखंडी बाबा' ऐकून ऐकून मलाही पाखंडी म्हणजे ढोंगी असंच वाटत आलं. पण धाकट्या आजोबांनी ढोंग कधीच केलं नाही. जे पटत नाही ते पटत नाही, असं चारचौघांत सांगितलं, म्हणून तर घराला डाचलं. ढोंगी वरून एक आणि आतून एक असतो. पाखंडी हा जुन्या अर्थाने वेद न मानणारा, रूढ वाट सोडून चालणारा. या दोघांना एकाच शब्दात कोंबणं मला अन्यायाचं वाटतं.

पंडितांनी शब्दाची फोडही तशीच केली: 'पा' म्हणजे तिन्ही वेदांचा धर्म, त्याचं खंडन करतो तो पाखंड. फोड ऐकायला छान आहे, पण मागाहून जुळवलेली. मूळ रूप पाषंड. 'ष'चा उच्चार 'ख' होत गेला आणि पाखंड झालं. त्याही आधी अशोकाच्या प्राकृतात तो पासंड आहे. बाराव्या शिलालेखात राजा म्हणतो, मी सगळ्या पासंडांचा मान राखतो, संन्यासी असोत की गृहस्थ. उगाच आपल्या पंथाची स्तुती आणि दुसऱ्याची निंदा करू नये. स्वतःच्या पंथालाही तो पासंडच म्हणतो! शिवी असती तर म्हटलं असतं का? पुढे मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात पाषंड्यांचा नुसत्या शब्दानेही सत्कार करू नये असं येतं. ज्ञानेश्वरीच्या बाराव्या अध्यायाच्या आरंभी तर पाखांडाचे दरकुटे मोडून काढायची प्रार्थनाच आहे. तोवर शब्द पुरता वाळीत पडला होता.

आणि सोपारा का? आपल्याच किनाऱ्यावर, नालासोपाऱ्याला, अशोकाच्या आठव्या लेखाचा तुकडा १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींना मिळाला, नवव्याचा १९५६ मध्ये. बारावा तिथे सापडलेला नाही, तो गिरनारला वाचावा लागतो. पण आजोबांना अशोक आपल्या कोकणातलाच वाटत असणार. भावाला ते घरात कधी उघड पाठीशी घालू शकले नाहीत. इथे, समासात, घातलंय.

आता कामाबद्दल. शिलाई दोऱ्याची, खळीत मोरचूद घातलेला, त्यामुळे कसर लागायची भीती कमी. पुठ्ठ्यावर रेक्झिन नको म्हटलं तर कापड लावून दिलं. पुराचे डाग राहिले आहेत, ते जाणार नाहीत हे त्यांनी आधीच सांगितलं होतं. पाठीवरचं सोनेरी नाव किंचित तिरकं बसलंय, तेवढी एक तक्रार. ४५० रुपये, बारा दिवस. फोनवर काम घेत नाहीत, पुस्तक घेऊनच जा, आणि जूनच्या आत. पावसात खळ सुकत नाही म्हणून ते स्वतःच परत पाठवतात.

कडा त्यांनी अगदी दोऱ्याएवढ्या घेतल्या. लिहिलेलं पान मात्र कापण्याआधी दुमडून आत घेतलं आणि नंतर उलगडलं. त्यामुळे ते पान बाकीच्यांपेक्षा नखभर बाहेर आलंय. कडेवरून बोट फिरवलं की न बघताही सापडतं.