साधा पॉड की महागडा मॉड?

लंडनमध्ये सिगारेट सोडायची म्हणून मी ई-सिगारेटचे दोन्ही प्रकार वापरून पाहिले: 15 पौंडांचा, निकोटीनचं लिक्विड पुन्हा भरता येणारा छोटा पॉड आणि 70 पौंडांचा, मोठा, जास्त ताकदीचा मॉड.

मॉड हातात घेतला की वजन जाणवतं. आतले 18650 सेल (सुट्या, चार्ज होणाऱ्या बॅटऱ्या) थकले की नवे घालता येतात. स्टीलची कॉइल (लिक्विड तापवणारी तार) लावली तर चिप तापमानावर लक्ष ठेवते, लिक्विड शोषणारा कापूस जळल्याची ती घाणेरडी चव येऊ देत नाही. पॉडची बॅटरी मात्र आतच बंद; माझा सात महिन्यांत गेला.

पण 2 मिलीची टाकी आणि मिलीला 20 मिग्रॅ निकोटीन, ही ब्रिटनमधली मर्यादा दोघांनाही सारखीच. कॉइलचा खर्च कुठेच सुटत नाही, वर जास्त वॅटला मॉड लिक्विड घटाघटा पितो. सिगारेटसारखा घट्ट झुरका पॉडमध्येच मिळाला, आणि माझी सिगारेट सुटली ती त्यानेच. सोडण्यासाठी घेत असाल तर पॉडच घ्या. कधी ओढलीच नसेल तर दोन्हींना हात लावू नका.

भारतात जाताना बॅगेत यातलं काहीही नको. 2019च्या कायद्याने तिथे ई-सिगारेटच्या आयातीवर आणि विक्रीवर बंदी आहे.