स्मार्ट फोरटू: एकाच गाडीचे दोन खंडांतले दोन हिशेब

लहान गाडी इंधन वाचवते आणि मोठी गाडी जीव वाचवते, ही समजूत युरोपात आणि अमेरिकेत सारखीच पक्की आहे. ती तपासून पाहण्यासाठी स्मार्ट फोरटूच्या दुसऱ्या पिढीइतकी सोयीची गाडी क्वचितच सापडेल. २००७ साली युरोपात आणि २००८ च्या जानेवारीत अमेरिकेत विक्रीला आलेली ही गाडी दोन्हीकडे जवळजवळ तीच होती. ती फ्रान्समधल्या हाम्बाखच्या कारखान्यात तयार होत असे, तिची लांबी २.६९५ मीटर होती, तिच्यात दोनच आसने होती आणि ९९९ घनसेंटिमीटरचे तीन सिलिंडरचे पेट्रोल इंजिन मागच्या बाजूला बसवलेले होते. या पिढीचे उत्पादन थांबून बराच काळ लोटला असला, तरी वापरलेल्या गाड्यांच्या बाजारात ती दोन्ही खंडांत मिळते, आणि ती घ्यावी की नाही याचे उत्तर खंडागणिक बदलते, असे माझे मत आहे.

गुणांपासून सुरुवात करतो, कारण ते खरे आहेत. अवघ्या ८.७५ मीटर व्यासात वळणारी ही गाडी अरुंद गल्लीत जितक्या सहजतेने फिरते, तितक्या सहजतेने तिच्या काळातल्या फार थोड्या गाड्या फिरत. शेजारचे आसन चालकाच्या आसनापेक्षा किंचित मागे बसवल्यामुळे दोघांचे खांदे एकमेकांना लागत नाहीत. आत बसल्यावर गाडी बाहेरून दिसते तेवढी लहान वाटत नाही, उलट दोघांसाठी ती प्रशस्तच आहे. दोष सांगायचा तर गिअरबॉक्सचा सांगावा लागेल. क्लचचे पेडल नसलेली ही पाच गिअरची यंत्रणा गिअर बदलताना इतका वेळ घेते की त्या क्षणी गाडीचा ओढा तुटतो आणि बसणाऱ्याची मान पुढे झुकते. सवयीने हे कमी जाणवते, पण पूर्णपणे जात नाही.

आता मायलेजकडे वळू. युरोपच्या कागदपत्रांत ७१ अश्वशक्तीच्या पेट्रोल गाडीचा इंधनाचा खप १०० किलोमीटरला ४.७ लिटर, म्हणजे लिटरमागे सुमारे २१ किलोमीटर असा नोंदलेला होता. अमेरिकेत याच इंजिनाच्या गाडीला तिथल्या पर्यावरण संरक्षण संस्थेने, म्हणजे ईपीएने, शहरात गॅलनमागे ३३ मैल, महामार्गावर ४१ मैल आणि सरासरी ३६ मैल दिले. लिटरमध्ये रूपांतर केल्यास ही सरासरी १५.३ किलोमीटर भरते. गाडी तीच, इंजिन तेच, आणि तरीही एका कागदावर २१, दुसऱ्यावर १५. त्यात ब्रिटनमधली मासिके आपल्या ४.५४६ लिटरच्या गॅलनमध्ये मोजतात आणि अमेरिकेचा गॅलन ३.७८५ लिटरचा असतो, त्यामुळे दोन देशांतले परीक्षणलेख शेजारी ठेवून वाचणाऱ्याचा गोंधळ आणखी वाढतो.

हा फरक गाडीत नसून परीक्षेत आहे. युरोपात तेव्हा एनईडीसी नावाचे चक्र वापरले जाई. सुमारे ११ किलोमीटरच्या त्या प्रयोगशाळेतल्या प्रवासात सरासरी वेग ताशी ३३–३४ किलोमीटर असे आणि शून्यापासून ५० पर्यंत पोहोचायला गाडीला तब्बल २६ सेकंद दिले जात. इतक्या संथपणे सिग्नलवरून निघणारा चालक प्रत्यक्षात कुठल्याच शहरात दिसत नाही. शिवाय जवळजवळ पाव वेळ गाडी जागेवर उभी असे, त्यामुळे थांबल्यावर इंजिन बंद करणारी यंत्रणा बसवली की आकडा लगेच सुधारे. स्मार्टच्या एमएचडी प्रकारात तो ४.३ लिटरवर आला. अमेरिकेने मात्र २००८ च्या मॉडेलांपासून मोजणीत तीन कडक चाचण्यांची भर घातली. पहिली ताशी ८० मैलांपर्यंतच्या वेगाची आणि जोरदार प्रवेगाची, दुसरी ३५ अंश सेल्सिअस उष्णतेत वातानुकूलन चालू ठेवून घेतलेली, आणि तिसरी उणे ७ अंशांच्या थंडीत घेतलेली. स्मार्ट नेमकी याच बदलाच्या तोंडावर अमेरिकेत दाखल झाली. तिच्याबद्दल तिथल्या ग्राहकांची जी निराशा झाली, तिचे एक कारण हेही आहे, कारण युरोपातले आकडे ऐकून त्यांनी अपेक्षा आधीच वाढवून ठेवल्या होत्या.

मी या दोन आकड्यांपैकी अमेरिकेच्या आकड्यावर विश्वास ठेवतो. आयसीसीटी या संशोधन संस्थेने युरोपातील अधिकृत आणि प्रत्यक्ष खपाची जी तुलना केली, तिच्यानुसार दोहोंतली तफावत २००१ च्या सुमारास ९ टक्के होती आणि २०१५ पर्यंत ती ४२ टक्क्यांवर गेली. गाड्या बनवणाऱ्यांनी या काळात चाचणीचा अभ्यास उत्तम केला होता, एवढेच त्यातून दिसते. सप्टेंबर २०१७ पासून नव्या मॉडेलांसाठी आणि वर्षभराने सर्वच नव्या गाड्यांसाठी डब्ल्यूएलटीपी ही अधिक वास्तववादी पद्धत लागू झाली. म्हणून त्याआधीच्या कोणत्याही युरोपीय गाडीचा छापील आकडा हा खपाची खालची मर्यादा समजावा.

परंतु १५.३ हा आकडा खरा मानला, तरी एवढ्या लहान गाडीच्या मानाने तो कमीच आहे. ८२० किलो वजनाच्या दोन आसनी गाडीकडून अधिक अपेक्षा ठेवणे रास्त आहे. ती पूर्ण न होण्याचे मुख्य कारण गाडीच्या आकारात आहे. वेग वाढला की इंजिनाची ताकद वजन ओढण्यापेक्षा हवा बाजूला सारण्यात अधिक खर्च होते, आणि हवेचा प्रवाह गाडीच्या मागे हळुवारपणे जुळून यायला शरीर लांब व निमुळते लागते. उंच, आखूड आणि मागे एकदम कापलेल्या स्मार्टला ते शक्य नाही. त्यामुळे गर्दीच्या शहरात तिचे हलकेपण उपयोगी पडते आणि महामार्गावर तिचा फायदा विरून जातो.

वर्षाला १५,००० किलोमीटर चालवणाऱ्या अमेरिकन कुटुंबाचा हिशेब पाहू. ईपीएच्या सरासरीनुसार स्मार्टला सुमारे ९८० लिटर पेट्रोल लागेल. गॅलनमागे ३० मैल देणाऱ्या २००९ च्या टोयोटा कोरोलाला सुमारे १,१७५ लिटर लागेल, म्हणजे पाच जणांची गाडी सोडून दोघांची घेतल्याबद्दल वर्षाला २०० लिटरपेक्षाही किंचित कमी बचत होते. आणि २००८ च्या टोयोटा प्रिअसला, जिची सरासरी ४६ मैल होती, सुमारे ७७० लिटरच पुरेल. त्यातही स्मार्टला महागडे प्रीमियम पेट्रोल लागते, कोरोला आणि प्रिअस साध्या पेट्रोलवर चालतात. अमेरिकेत केवळ इंधनाच्या बचतीसाठी ही गाडी घेणे मला कधीच पटले नाही, ते या हिशेबामुळे. युरोपात ७९९ घनसेंटिमीटरच्या डिझेल इंजिनाचा सीडीआय प्रकार मिळत होता आणि त्याचा नोंदलेला खप १०० किलोमीटरला ३.३ लिटर होता. छापील आकड्यातून नेहमीची सूट वजा केली, तरी तो खरोखर काटकसरी होता. अमेरिकेत तो आणलाच गेला नाही, आणि आकाराला साजेशी काटकसर मिळण्याची संधी तिथल्या ग्राहकाच्या हातून गेली.

सुरक्षिततेचा विषय अधिक गंभीर आहे आणि त्यात या गाडीला न्याय देणे आवश्यक आहे. स्मार्टची रचना निष्काळजीपणे केलेली नाही. ट्रिडिऑन नावाचा तिचा पोलादी सांगाडा प्रवाशांभोवती कठीण कवच उभे करतो, बाहेरचे प्लास्टिकचे पत्रे भार घेत नाहीत. आसने उंच असल्यामुळे बाजूने येणाऱ्या गाडीचा आघात बराचसा शरीराखाली राहतो, आणि चाके दोन्ही टोकांना असल्यामुळे तो अनेकदा आसाशी अडतो. चाचण्यांतही ती वाईट ठरली नाही. २००७ मध्ये गाड्यांच्या धडकेच्या चाचण्या घेणाऱ्या युरो एनकॅप या युरोपीय संस्थेने तिला प्रौढ प्रवाशांच्या संरक्षणासाठी पाचपैकी चार तारे दिले. अमेरिकेच्या सरकारी चाचणीत समोरच्या धडकेत चालकासाठी चार आणि शेजारच्या प्रवाशासाठी तीन तारे मिळाले. बाजूच्या धडकेत पाच मिळाले, परंतु त्या वेळी चालकाचा दरवाजा उघडला गेल्याची ताकीद सोबत जोडलेली होती. अमेरिकी विमा कंपन्यांच्या आयआयएचएस या संस्थेने अडथळ्यावरच्या समोरच्या धडकेत तिला ‘चांगली’ अशी सर्वोच्च श्रेणी दिली.

मग एप्रिल २००९ मध्ये याच संस्थेने वेगळा प्रयोग केला. स्मार्ट आणि मर्सिडीज सी-क्लास, होंडा फिट आणि अ‍ॅकॉर्ड, टोयोटा यारिस आणि कॅमरी अशा एकाच घराण्यातल्या (स्मार्ट ही मर्सिडीजच्याच समूहाची) लहानमोठ्या जोड्या तिने प्रत्येकी ताशी ६४ किलोमीटर वेगाने समोरासमोर आदळवल्या. तिन्ही लहान गाड्यांना ‘निकृष्ट’ श्रेणी मिळाली, अडथळ्यावरच्या चाचणीत त्या तिन्ही ‘चांगल्या’ असूनही. स्मार्ट हवेत उचलली गेली आणि सव्वा फेरी फिरली, तिचा डॅशबोर्ड व स्टिअरिंग आत घुसले, आणि चालकाच्या जागी बसवलेल्या चाचणीच्या पुतळ्याच्या डोक्यावर व पायांवर गंभीर इजेची नोंद झाली. सी-क्लासच्या चालकाच्या जागेला फारसा धक्का लागला नाही.

याचे कारण भौतिकशास्त्राच्या साध्या नियमात आहे. अडथळ्यावरची चाचणी गाडीला जणू आपल्याच वजनाच्या गाडीशी लढवते. म्हणूनच हलक्या गाडीचे चार तारे आणि जड गाडीचे चार तारे एकाच मापाचे नसतात, आणि ही गोष्ट चाचणी घेणाऱ्या संस्था स्वतः सांगत असूनही जाहिरातींत ती कधी दिसत नाही. ८२० किलोची गाडी सुमारे १,६०० किलोच्या गाडीला ताशी ६४ च्या वेगाने भिडली, तर संवेगाच्या नियमाने धडकेनंतर दोन्ही मिळून जड गाडी जात होती त्याच दिशेने ताशी सुमारे २० किलोमीटर वेगाने सरकतात. जड गाडीच्या वेगात ४३–४४ किलोमीटरचा बदल होतो, हलकीच्या वेगात ८४–८५ चा, कारण ती नुसती थांबत नाही, उलट दिशेला फेकली जाते. हा जवळजवळ दुप्पट फरक तेवढ्याच क्षणात शरीराला सोसावा लागतो. त्यात स्मार्टच्या पुढच्या भागाची लांबी इतकी कमी की चेपून आघात शोषायला जागाच उरत नाही. कवच कितीही भक्कम असले तरी आतल्या माणसाचा मेंदू आणि छाती तोच धक्का घेतात.

इतक्या तीव्र धडका क्वचितच होतात, असा युक्तिवाद कंपनीने त्या वेळी केला. तो चुकीचा नाही, परंतु अपुरा आहे. आयआयएचएसने २००७ च्या अमेरिकी अपघातांची जी आकडेवारी मांडली, तिच्यात एकट्याच वाहनाच्या अपघातांत एक ते तीन वर्षे जुन्या अतिलहान गाड्यांमधले मृत्यू दर दशलक्ष नोंदणीकृत गाड्यांमागे ३५ होते आणि खूप मोठ्या गाड्यांमधले ११. समोर दुसरी गाडी नसतानाही लहान गाडीतला माणूस अधिक मरतो, हे त्यातून स्पष्ट होते. ‘सगळेच लहान गाड्या वापरू लागले तर प्रश्न मिटेल’, असे मानणाऱ्यांनी हा आकडा विसरू नये.

तरीही रस्त्यावर कोण समोरून येते, याने फरक पडतोच. त्या काळात युरोपातल्या सरासरी नव्या गाडीचे वजन १,४०० किलोच्या आसपास होते आणि अमेरिकेतल्या नव्या वाहनाचे पावणेदोन टनांच्या घरात. इंधनावरील करांमुळे ही तफावत टिकते. युरोपीय संघात पेट्रोलवर लिटरमागे किमान ३५.९ युरोसेंट कर घ्यावाच लागतो, तर अमेरिकेचा संघीय कर १९९३ पासून गॅलनमागे १८.४ सेंट, म्हणजे लिटरमागे पाच सेंटहून कमी आहे. दोन्हीकडच्या नियमांनी लहान गाडीला मोठेसे बक्षीस दिलेले नाही, हे मला खटकते. युरोपने कार्बनची मर्यादा वजनानुसार सैल केली आणि अमेरिकेने मायलेजची मर्यादा चाकांमधल्या क्षेत्रफळानुसार, त्यामुळे गाडी लहान वा हलकी केल्याचे श्रेय निर्मात्याला पूर्ण मिळतच नाही. युरो एनकॅपने २०२० मध्ये मात्र एक चांगले पाऊल उचलले. १,४०० किलोचा चालता अडथळा आणि गाडी प्रत्येकी ताशी ५० ने एकमेकांवर आदळवून, समोरच्या वाहनाला ही गाडी किती इजा करते याचेही गुण ती कापू लागली. जड गाड्यांची जबाबदारी मोजणारी ही चाचणी फार आधी यायला हवी होती.

घ्यायचीच असेल तर कोणी घ्यावी? ज्याचा बहुतेक प्रवास युरोपातल्या जुन्या शहरात ताशी ५० च्या मर्यादेत होतो, जो एकटा किंवा दुकटा फिरतो आणि ज्याला पार्किंगची जागा मिळत नाही, त्याने सीडीआय जरूर पाहावी. तीत जास्तीची ताकद नाही, पण शहराला ती लागतही नाही. महामार्गावरून रोज कामाला जाणाऱ्या अमेरिकन माणसाला मी ती सुचवणार नाही. त्याने त्याच पैशात वापरलेली कोरोला घ्यावी, कारण तिथे स्मार्टची बचत कमी आणि जोखीम जास्त आहे. फिट किंवा यारिस घेण्याचा विचार असेल, तर २००९ च्या त्या प्रयोगात त्याही निकृष्ट ठरल्या होत्या हे ध्यानात ठेवावे. सौदा करण्यापूर्वी थंड इंजिनावर आणि चढावर गाडी चालवून गिअर नीट पडतात की नाही ते तपासावे, आणि अमेरिकेत घेत असल्यास वर्षभराच्या खर्चात प्रीमियम पेट्रोलचा दर धरावा.