अग्रशाळेच्या चार खोल्या, चार हप्ते, ३३,९८४ रुपये

आकडा आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे लपवायला काही उरत नाही. ३३,९८४ रुपये गेले, एकोणचाळीस मिनिटांत, खोल्यांच्या खोट्या बुकिंगात. दुपारी १२.४० ला पहिला हप्ता, १.१९ ला चौथा. आणि फसलं कोण, तर बाहेरून आलेला पर्यटक नव्हे. गोव्यातच राहणारा, कोल्हापूरकडचे नातेवाईक ज्याला फोन करून विचारतात की कुठे उतरायचं, टॅक्सीवाला किती घेईल, तो शहाणा माणूस, म्हणजे मीच.

कुळदेवाच्या दर्शनाला अकरा माणसं येणार होती. दोन रात्री, चार खोल्या. देवस्थान कोणतं ते लिहीत नाही. त्यांचा यात काडीचा दोष नाही, त्यांचं नाव आणि दीपस्तंभाचा फोटो चोरांनी वापरला एवढंच. माघात फोंड्याकडच्या मोठ्या देवळांच्या जत्रा एकापाठोपाठ येतात, त्या दिवसांत अग्रशाळेत, म्हणजे देवळाच्या राहण्याच्या जागेत, खोली मिळणं कठीण. म्हणून घाई. घरात लिहून ठेवलेल्या देवस्थानच्या कचेरीच्या नंबरवर दुपारी कोणी फोन उचलला नाही, म्हणून नकाशावर शोधला. (कचेरी दुपारी बंद असते हे गोव्यात शेंबड्या पोरालाही माहीत आहे. चार वाजेपर्यंत थांबलो असतो तर हे लिहावंच लागलं नसतं.)

नकाशावर देवळाचे फोटो खरे, भाविकांचे अभिप्राय खरे, रस्ता खरा. नंबर तेवढा खोटा. नकाशावरच्या जागेचा फोन नंबर ‘बदल सुचवा’ म्हणून कोणीही पाठवू शकतो. त्या नोंदीवर मालक म्हणून कोणी हक्क सांगितलेला नसेल तर तो बदल बऱ्याचदा तसाच चिकटतो आणि महिनोन्‌महिने राहतो. देवळांच्या नोंदींवर हक्क सांगायला बसणार कोण? दुसरी वाट म्हणजे शोधल्यावर सगळ्यात वर येणारी ‘प्रायोजित’ जाहिरात आणि तिच्यामागची खोटी वेबसाइट. आमच्याकडे दोन्ही निघालं. त्या वेबसाइटच्या पत्त्याची ‘हू-इज’ नोंद, म्हणजे तो पत्ता कधी घेतला याची नोंद, नंतर बघितली. पत्ता विकत घेऊन एकोणीस दिवस झाले होते. शेकडो वर्षांचं देऊळ आणि एकोणीस दिवसांची वेबसाइट. ही नोंद फुकट बघता येते, दोन मिनिटं लागतात, फक्त आधी बघायची असते.

आता तो फोन. हाच भाग मनातून जात नाही.

पलीकडचा माणूस हिंदीत बोलला. ‘जी सर, भक्त निवास, एसी डिलक्स ९०० रुपये.’ इथेच फोन खाली ठेवायला हवा होता. आपल्याकडे देवळाच्या राहण्याच्या जागेला अग्रशाळा म्हणतात. भक्त निवास हा शब्द शिर्डी-पंढरपूरकडचा. कचेरीतल्या माणसाचा पहिला प्रश्न एसी की नॉन-एसी असा नसतो. तो विचारतो, ‘तुमी कुळावी? आडनांव कितें?’ कारण खोल्यांवर पहिला हक्क महाजनांचा (देवस्थानचे वंशपरंपरागत सभासद) आणि कुळाव्यांचा (ज्यांचं ते कुळदैवत). मग अभिषेक आहे की लघुरुद्र, नैवेद्य किती जणांचा, हे. या माणसाने आडनाव विचारलंच नाही. विचारलं काय, तर ‘सर, गूगल पे है या फोन पे?’

पुढे म्हणाला, ‘मंदिर से सिर्फ २०० मीटर.’ अग्रशाळा देवळाच्या आवारातच असतात, प्रांगणाच्या कडेने. दोनशे मीटरवर असते ती लॉज. पुढे म्हणाला, ‘थिवीम स्टेशन से पिकअप फ्री.’ थिवी म्हापसा-कळंगुटकडे जाणाऱ्यांचं स्टेशन. फोंड्याला स्वतःचं स्टेशन नाही, तिथे जाणारा मडगावला उतरतो नाहीतर करमळीला. तीन वाक्यांत तीन चुका, आणि ऐकणारा इथलाच. सगळं कानावर पडलं आणि सगळ्याला मनातल्या मनात उत्तर दिलं: नवीन माणूस ठेवला असेल, कंत्राट दिलं असेल, हल्ली सगळीकडे बाहेरचेच कामाला असतात. आपणच चोराची वकिली करत होतो, तीही फुकट.

पावती आली. चार खोल्या, दोन रात्री, ९०० प्रमाणे ७,२००. त्यावर १८ टक्के जीएसटी १,२९६. एकूण ८,४९६. व्यवहारातल्या माणसाने इथे डोळे उघडायचे. २२ सप्टेंबर २०२५ पासून रोजच्या ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीला ५ टक्के लागतो, १८ टक्के त्याहून महाग खोलीला. नोंदणीकृत धार्मिक न्यासाच्या आवारातल्या, दिवसाला हजारापेक्षा कमी भाड्याच्या खोलीला तर माफीच आहे. पावतीवर जीएसटी क्रमांकही होता, पंधरा अक्षरी, रुबाबदार. त्याचे पहिले दोन आकडे राज्याचे असतात. गोव्याचा ३०, महाराष्ट्राचा २७. पावतीवर होते ०८, म्हणजे राजस्थान. जीएसटीच्या पोर्टलवर ‘करदाता शोधा’मध्ये क्रमांक टाकला की लॉगिन न करता नाव-पत्ता दिसतो. तो टाकला रात्री नऊ वाजता. कुठल्यातरी भंगाराच्या व्यापाऱ्याचा निघाला.

मग हप्ते. पहिला अर्धा आगाऊ, ४,२४८. लगेच फोन: पूर्ण रक्कम आल्याशिवाय स्लिप निघत नाही, उरलेले ४,२४८ पाठवा. पाठवले. आता म्हणे दोन तुकड्यांत आल्यामुळे सिस्टीम घेत नाही, एकरकमी ८,४९६ टाका, आधीचे दहा मिनिटांत आपोआप परत. टाकले. मग एकाच मोबाइलवर दोन बुकिंग दिसतात, म्हणून परतावा अडकला, तो सुटायला १६,९९२ एकदम टाका, सगळे मिळून परत येतील.

आकडे एकाखाली एक मांडून बघा. दुसऱ्यापासून प्रत्येक वेळी मागणी झाली ती तोपर्यंत गेलेल्या बेरजेएवढीच. म्हणून आकडा ओळखीचा वाटतो. आपलेच पैसे परत आणायला तेवढेच पैसे लावतोय असं वाटतं, आणि हातातले बुडतील या भीतीने माणूस पुढचा डाव लावतो. कॅसिनोतला माणूसही असंच खेळतो, पण तो निदान मांडवीच्या वाऱ्यात बसून हरतो. पाचवी मागणी ३३,९८४ ची आली तेव्हा खात्यात तेवढे नव्हते. सावध झालो म्हणून थांबलो असं सांगायला आवडलं असतं, पण थांबलो ते शिल्लक नव्हती म्हणून.

या सगळ्या वेळात त्याने फोन ठेवू दिला नाही. ‘लाइन पे रहिए सर, कोड एक्स्पायर हो जाएगा.’ फोन चालू असला की घरात कोणाला विचारता येत नाही, बँकेला लावता येत नाही. शिवाय पैसे पाठवतानाच्या शेऱ्यात ‘बुकिंग’ लिहू नका, ‘पर्सनल’ लिहा, असंही सांगितलं. तो शेरा पुढे तक्रारीत आपल्याच अंगावर येतो. आणि पिन टाकण्याआधी ॲप खात्यावरचं नाव दाखवतं. तिथे देवस्थान नव्हतं, कुठलंसं एंटरप्रायझेस होतं. चारही वेळा ते नाव वाचलं. चारही वेळा अंगठा पुढे गेला.

पैसे परत मिळायला पिन लागत नाही, क्यूआर लागत नाही, उलट रक्कम भरावी तर मुळीच लागत नाही. हे वाक्य इतरांना मी स्वतः ऐकवलेलं आहे.

आता यंत्रणा. १९३० हा सायबर फसवणुकीचा नंबर, आणि पहिला तासच कामाचा, कारण पैसे एका भाड्याच्या खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात जायला फार वेळ लागत नाही. आमची पहिली चूक म्हणजे लाजेपोटी संध्याकाळी ५.४० ला फोन केला. त्यानंतर बावीस मिनिटं ‘आपकी कॉल महत्त्वपूर्ण है’. फोन लावण्याआधी हाताशी ठेवा: प्रत्येक व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर क्रमांक, वेळ, रक्कम, समोरचा यूपीआय आयडी, आपला खाते क्रमांक. त्यातलं एक शोधायला गेलात की लाइन कटते आणि पुन्हा पहिल्यापासून. तक्रार घेतली की पोचक्रमांकाचा संदेश येतो. मग सरकारच्या सायबरक्राइम पोर्टलवर जाऊन ती पूर्ण करायची असते, हे त्या घाईत कोणी नीट सांगत नाही.

बँकेत गेलो. काउंटरवरच्या बाईंनी मान वर न करता सांगितलं, पिन तुम्हीच टाकला ना? शाखाधिकाऱ्यांनी रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक काढून दाखवलं. चूक तिसऱ्याची असेल आणि तीन कामाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकाला झळ नाही, पण ग्राहकाच्याच निष्काळजीपणामुळे गेले तर कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं. वाचून दाखवताना आवाजात मला तरी समाधान ऐकू आलं. समोरच्या बँकेने ते खातं उघडताना कोणाचे कागद तपासले, एका दुपारी अनोळखी माणसांकडून पैशांवर पैसे जमा होत असताना कोणाला शंका कशी आली नाही, हे विचारलं तर ‘ती दुसरी बँक’. बँकेला लेखी द्या, पोच घ्या, तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. तोंडी भांडण्यात अर्थ नाही, मी भांडून बघितलं.

पोलीस ठाण्यात तर कहर. इथे म्हणाले सायबरकडे जा. सायबरकडे म्हणाले रक्कम लहान आहे, जवळच्या ठाण्यातच द्या. परत आलो तर खातं परराज्यातलं, आमची हद्द नाही. हद्द नाही हे ऐकून घेऊ नका. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठेही घडलेला असो, दखलपात्र गुन्ह्याची माहिती कोणत्याही ठाण्याने घ्यायची आहे, आणि फसवणूक, न्याय संहितेचं कलम ३१८(४), दखलपात्र आहे. हे बोलल्यावर अंमलदार म्हणाला, वकील आहात का? नाही म्हटल्यावर बसायला सांगितलं. पावणेदोन तास बसलो. मग सगळ्या चॅटच्या छापील प्रती आणा, दोन संच. सतरा पानं, चौतीस प्रती. समोरच्या झेरॉक्सवाल्याला सवयच होती, त्याने विचारलं, ‘सायबर?’

शेवटी एका खात्यात आमच्यापैकी २,१६० रुपये गोठवलेले सापडले. बाकी पुढे गेले. ते २,१६० हवेत तर कोर्टाचा आदेश आणा म्हणाले. वकिलाची फी त्याहून जास्त.

आणि एक. तक्रार दिल्यावर तिसऱ्या दिवशी ‘सायबर सेल’मधून फोन येतो, तुमचे पैसे मिळाले, २,५०० प्रोसेसिंग भरा. तो त्याच टोळीचा किंवा तिने यादी विकलेल्या दुसऱ्या टोळीचा. सरकारी माणूस पैसे परत द्यायला पैसे मागत नाही.

गोव्यात येणाऱ्यांसाठी: खोलीचा नंबर नकाशावरून घेऊ नका, मागच्या पूजेच्या पावतीवर छापलेला असतो तो घ्या, नाहीतर तुमच्या भटजींना विचारा. सकाळी किंवा चारनंतर फोन करा. किनाऱ्यावर व्हिला भाड्याने घेत असाल तर पर्यटन खात्याकडचा नोंदणी क्रमांक मागा, आणि मालकाला व्हिडिओ कॉलवर रस्त्यापासून खोलीपर्यंत चालायला सांगा. फोटो चोरलेले असतील तर तो चालत नाही, नेटवर्कचं कारण देतो. अनोळखी नंबर किंवा यूपीआय आयडी सायबरक्राइम पोर्टलवरच्या ‘सस्पेक्ट सर्च’मध्ये टाकून बघता येतो. तिथे काही निघालं नाही म्हणून तो साव ठरत नाही. खोट्या नंबरवरून फोन आला पण पैसे गेले नाहीत, तर दूरसंचार खात्याच्या संचारसाथी संकेतस्थळावरच्या ‘चक्षु’वर कळवा. पैसे गेले असतील तर तिथे वेळ घालवू नका, थेट १९३०.

भाड्याच्या स्कूटरची पाटी काळी, अक्षरं पिवळी. टॅक्सीची पाटी पिवळी, अक्षरं काळी. पांढऱ्या पाटीची गाडी स्वस्त मिळते ती बेकायदा म्हणून, आणि अपघात झाला की विम्यावाले हात वर करतात. मंगेशी-म्हार्दोळला जायला टॅक्सीची आगाऊ बुकिंग कशाला, पणजी-फोंडा बस दारातून जाते.

खऱ्या कचेरीचा फोन दुसऱ्या दिवशी लागला. दोनच खोल्या मिळाल्या, उरलेली मंडळी आमच्या घरी. आगाऊ किती पाठवू म्हटलं तर तो म्हणाला, ‘आयल्या उपरांत दियात.’ नकाशावरच्या खोट्या नंबराची तक्रार घरातल्या तीन फोनांवरून केली. काल तपासलं तर नंबर बदललाय. नवा आहे तोही देवस्थानचा नाही.