बॅग तोलायचा काटा: चौदा माणसं, 350 किलो आणि स्कॉटलंड

काटा दिसला की माझी नजर आधी शिक्का शोधते. वैधमापन खात्यात 31 वर्षं काढली. लालबागच्या मसालेवाल्यांपासून ससून डॉकच्या कोळणींपर्यंत सगळ्यांचे काटे तपासले आणि सगळ्यांच्या शिव्या खाल्ल्या. त्यामुळे या 350 रुपयांच्या वस्तूवर जरा जास्तच लिहिणार आहे, सांभाळून घ्या.

वस्तू साधी आहे. वर धरायला मूठ, खाली बॅगेच्या हँडलला अडकवायचा पट्टा, मधे बोटभर रुंद आकड्यांची खिडकी. 50 किलोपर्यंत तोलते आणि बटणासारख्या चपट्या सेलवर चालते. क्रॉफर्ड मार्केटसमोरच्या गल्लीत 450 सांगितले, 350ला दिला. खोक्यावर कंपनीचं नाव एक आणि काट्यावर दुसरंच, त्यामुळे नाव सोडूनच देते. शिक्का अर्थातच नव्हता. तो व्यापाराच्या काट्याला लागतो, घरगुती काट्याला नाही.

घ्यायची वेळ आली ती मंडळीमुळे, म्हणजे आमच्या चर्चमुळे. गिरगावातल्या आमच्या मंडळीचं स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या एका गावातल्या मंडळीशी जोडनातं आहे. तिकडे त्याला ट्विनिंग म्हणतात. आमचे दोनच जण कधीकाळी तिकडे जाऊन आले होते, एरवी नाताळची पत्रं आणि एकमेकांसाठी प्रार्थना. मुळं मात्र खोल आहेत. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन 1829 साली मुंबईत उतरले, 1832 साली त्यांनी काढलेल्या शाळेचंच पुढे विल्सन कॉलेज झालं. स्कॉटिश मिशनच्या मंडळ्या 1970 साली चर्च ऑफ नॉर्थ इंडियात आल्या तरी ती आठवण पुसली गेली नाही. तर त्या मंडळीने हंगामाच्या, म्हणजे पीक हाती आल्याबद्दल देवाचे आभार मानायच्या, उपासनेला बोलावलं आणि आम्ही चौदा जण निघालो. व्हिसाचं रामायण इथे सांगत नाही.

दुबईत विमान बदलून एडिनबरा, माणशी 25 किलो. चौदा जणांचे 350 किलो ऐकायला पुष्कळ वाटतात. पण त्यात ढोलकी, सहा जोड टाळ, मराठी गीतपुस्तकांचा गठ्ठा, महिला संघाने भरतकाम केलेला वेदीचा कपडा, कोल्हापुरी चपला आणि जो तो आपापल्या यजमानासाठी नेणार होता तो खाऊ, एवढं सगळं बसवायचं होतं. भारतातून ब्रिटनमध्ये सामानातून मांस किंवा दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, म्हणून पेढे बाद झाले. वाद नको म्हणून तुपातले लाडूही बाद. एक मावशी सुके बोंबील नेणारच म्हणून अडून बसल्या. मासळीला बंदी नाही हे त्यांनी मोबाइलवर शोधून दाखवलं. आमचे धर्मगुरू, पाळकसाहेब, म्हणाले, "मावशी, नियमात बसतात हो, पण वेदीच्या कपड्याशेजारी नकोत." बोंबील घरी राहिले.

सप्टेंबरातल्या शनिवारी सगळ्यांनी बॅगा घेऊन मंडळीच्या हॉलमध्ये यायचं ठरलं. त्याआधी मी घरी काटा पारखून घेतला. ह्यांच्या काकांचं किराणा दुकान बंद झालं तेव्हापासून दोन लोखंडी वजनं आमच्या पलंगाखाली आहेत, प्रत्येकी 5 किलोची. दोन्ही पिशवीत घालून दहादा तोलली. कधी 10.05, कधी 9.95, एकदा बरोबर 10. भाजीवाल्याकडे असा काटा सापडला असता तर मी जप्तच केला असता. बॅगेसाठी चालेल.

आता याचे दोष, जे दुकानदार सांगत नाही. बॅग उचलून हात स्थिर झाला की काटा टुक करतो आणि आकडा गोठतो. हात थरथरला तर तो आधीच कुठेतरी गोठून बसतो. 25 किलोची बॅग उचलून चार सेकंद न हलता उभं राहायला साठीतल्या बाईने काय आखाड्यात जायचं? वर खिडकी अशी बसवली आहे की आकडा वाचायला बॅग छातीपर्यंत न्यावी लागते. उपाय आमच्या खजिनदारांनी काढला. हॉलचे पडदे ओढायची जाड काठी घेतली, मधोमध काटा बांधला आणि दोन तरुणांच्या खांद्यावर दिली, कावडीसारखी. बॅग अडकवायची, दोघांनी हळू उभं राहायचं. तेव्हापासून आकडे पन्नास-शंभर ग्रॅमच्या आत येऊ लागले.

आणि मग गोंधळ झाला. ढोलकीवाल्याच्या बॅगेने 51.4 दाखवलं. हॉलमध्ये शांतता. त्याच्या आईने भरल्या गळ्याने सांगितलं की तिने फक्त दोन किलो चिवडा घातला आहे. अर्ध्या बॅगेचा संसार बाकावर मांडून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की एका कोपऱ्यात बारीक अक्षरात एलबी लिहिलंय. मुठीजवळचं बटण अंगठ्याने दाबलं गेलं की किलोचे पौंड होतात. म्हणजे 23.3 किलो. सगळं परत भरलं. हे बटण असं उघड्यावर ठेवणाऱ्याला मी एक गुण कमी दिला आहे.

विमानतळावर माझ्या बॅगेचं वजन काउंटरवर 24.8 आलं, आमच्या काट्यावर 24.7 होतं. एकाही बॅगेला जादा पैसे पडले नाहीत. एवढ्यावर काट्याची किंमत वसूल झाली.

तिथल्या दिवसांबद्दल लिहायला बसले तर संपणार नाही. विल्सनसाहेबांचं जन्मगाव लॉडर पाहिलं, लहानसं आणि वाऱ्याचं. रविवारी दगडी देवळात शेकडो माणसं बसतील एवढे बाक होते आणि माणसं तीसेक, बहुतेक माझ्याहून मोठी. आम्ही टाळ-ढोलकीवर ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांचा अभंग म्हटला तेव्हा पुढच्या बाकावरचे आजोबा काठीने ठेका धरत होते, चुकीचा, पण मनापासून.

तेच आजोबा तिथल्या वडीलमंडळाचे, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंचांपैकी. उपासनेनंतर त्यांनी मागच्या खोलीतली एक पेटी दाखवली. शिशाचे बिल्ले, प्रत्येकावर गावाचं अक्षर आणि साल ठोकलेलं. जुन्या काळी प्रभुभोजनाला, म्हणजे भाकर आणि द्राक्षारसाच्या विधीला, बसायला योग्य ठरलेल्या माणसालाच वडीलमंडळ हा बिल्ला द्यायचं, तो दाखवल्याशिवाय मेजावर जागा नाही. एकोणिसाव्या शतकात हळूहळू बंद झालं. शिक्का दिसल्यावर मी काय करणार? एक बिल्ला काट्याला लावला. शून्य. एवढं बारीक तो तोलतच नाही. मग पेटीच कापडी पिशवीत घालून टांगली. 4.15 किलो. आजोबांना किलोतलं काही उमगेना. मी अंगठ्याने ते वाईट बटण दाबलं. 9.15 पौंड. आजोबांचा चेहरा खुलला. पन्नास वर्षं ही पेटी उचलतोय, म्हणाले, कधी तोलली नव्हती. एक गुण परत दिला.

खात्यातल्यांना आवडेल अशी एक गोष्ट. मुंबईत गुरुत्वाकर्षणाचा आकडा 9.79च्या आसपास, एडिनबरा बराच उत्तरेला म्हणून तिथे 9.82. हा काटा पृथ्वीची ओढच मोजतो, म्हणजे मुंबईत 25 किलो दाखवणारी बॅग त्याच काट्यावर तिकडे साधारण 75 ग्रॅम जास्त दाखवणार. तराजूत हा फरक पडत नाही, दोन्ही पारड्यांना ओढ सारखीच. परतताना हे मी सगळ्यांना समजावलं. कोणी ऐकलं नाही, सगळे जॅमच्या बाटल्या कपड्यांत गुंडाळत होते. जॅम आणि टॅब्लेट. टॅब्लेट म्हणजे गोळी नव्हे, साखर, लोणी आणि आटवलेल्या दुधाची मिठाई, आपल्या कडक बर्फीची गोरी बहीण. पहिला तुकडा गोड, तिसऱ्याला दात दुखतो.

शेवटच्या बॅगा तोलून झाल्यावर काटा आजोबांकडेच ठेवून आले. जानेवारीत त्यांचे आठ जण आमच्याकडे येणार आहेत, मावशींनी त्यांच्यासाठी बोंबलांची ऑर्डर आत्ताच दिलीय. गेल्या आठवड्यात त्याच गल्लीत दुसरा काटा घेतला. या वेळी 500 सांगितले, 350लाच दिला. लोखंडी वजनं टांगून पाहिली: 10.10. बटण अजून तिथेच आहे, मी त्यावर चिकटपट्टी लावली आहे.