स्ट्रेन्ड सिलिकॉनचा अहवाल : तंत्रज्ञान उत्तम, बाजाराचे अंदाज कच्चे

गुजरातमधील धोलेऱ्याचा टाटा-पॉवरचिप कारखाना जाहीर झाल्यापासून रत्नागिरीतल्या आमच्या पदविका महाविद्यालयातील मुले चिपनिर्मितीविषयी फार नेमके प्रश्न विचारू लागली आहेत. त्यांना धड उत्तरे देता यावीत म्हणून विभागाने स्ट्रेन्ड सिलिकॉनच्या (ट्रान्झिस्टरचा वेग वाढवण्यासाठी ताणलेल्या किंवा दाबलेल्या सिलिकॉनच्या) बाजारपेठेचा व तंत्रज्ञानाचा पुढील काळातील वेध घेणारा एक परदेशी अहवाल विकत घेतला. त्याची किंमत विभागाच्या वर्षभराच्या पुस्तकखरेदीएवढी असल्यामुळे कोकणातील इतर महाविद्यालयांच्या उपयोगासाठी हे लिहीत आहे.

तंत्रज्ञानाचे प्रकरण मनापासून आवडले. जर्मेनियमची स्फटिकजालिका (अणूंची नियमित मांडणी) सिलिकॉनपेक्षा सुमारे ४.२ टक्क्यांनी मोठी असते आणि या एका फरकावर हे सारे तंत्र उभे आहे. सिलिकॉन-जर्मेनियमच्या थरावर सिलिकॉनचा पातळ थर वाढवून तो सगळीकडून ताणायचा, ही आधीची कल्पना. इंटेलने २००३ मध्ये ९० नॅनोमीटरच्या प्रक्रियेत मात्र निराळी वाट धरली : पी-प्रकारच्या ट्रान्झिस्टरमध्ये सोर्स व ड्रेनच्या (प्रवाह आत येण्याच्या व बाहेर जाण्याच्या टोकांच्या) जागी खाच कोरून तीत सिलिकॉन-जर्मेनियम वाढवले, त्यामुळे मधला चॅनेल (प्रवाहाची वाट) दोन्ही अंगांनी दाबला जाऊन त्यातला प्रवाह वाहणारे होल (इलेक्ट्रॉनांच्या रिकाम्या जागा) अधिक वेगाने सरकू लागले; ज्यात प्रवाह इलेक्ट्रॉन वाहतात त्या एन-प्रकारावर ताण देणारे सिलिकॉन नायट्राइडचे आवरण चढवले, त्याचा लाभ इलेक्ट्रॉनांना झाला. अहवालात या खाचेच्या आडव्या छेदाचे छायाचित्र इतके स्वच्छ दिले आहे की गेटखालचा (प्रवाह सुरू-बंद करणाऱ्या भागाखालचा) चॅनेल कुठे आणि कसा दाबला जातो, हे फळ्यावर वेगळे समजावून सांगावे लागले नाही. नॅनोशीट रचनेत, म्हणजे सिलिकॉनचे अतिपातळ पत्रे एकावर एक रचलेल्या ट्रान्झिस्टरमध्ये, पत्र्यांच्या टोकांपासून वाढणारे स्फटिक एकमेकांना भिडताना दोष निर्माण होतात आणि ताण टिकवणे अवघड जाते, ही पुढची खरी अडचणही लेखकांनी लपवलेली नाही.

बाजाराच्या प्रकरणाबद्दल असे म्हणता येत नाही. चॅनेलला ताण देणे ही निर्मितीतील एक पायरी आहे. तिची किंमत चिपच्या किमतीत मुरलेली असते, त्यामुळे स्वतंत्र मोजता येतील ते फक्त ताण दिलेले वेफर (ज्यांवर चिप घडवतात त्या सिलिकॉनच्या चकत्या) आणि थर वाढवण्याची यंत्रे. अहवालातील मुख्य तक्त्यात या दोन्हींची उलाढाल आणि तयार चिपची विक्री एकाच रकान्यात घातली आहे, आणि बेरीज कशी केली याची एक ओळही दिलेली नाही. अशा तक्त्यावरून विद्यार्थ्याला नोकरीच्या संधींविषयी काही सांगणे मला जबाबदारीचे वाटत नाही. चीनने ऑगस्ट २०२३ पासून जर्मेनियमच्या निर्यातीवर घातलेले निर्बंध मात्र एका परिच्छेदात आटोपले, ते योग्यच झाले, कारण ट्रान्झिस्टरला हे मूलद्रव्य अगदी अल्प लागते. त्याचे मोठे ग्राहक प्रकाशतंतू आणि अवरक्त भिंगे हे आहेत.

धोलेऱ्यात २८ ते ११० नॅनोमीटरच्या चिप व्हायच्या आहेत (हा आकडा जितका मोठा तितकी प्रक्रिया जुनी), म्हणजे आपल्या मुलांच्या दृष्टीने जुन्या, रुळलेल्या प्रक्रियांचे महत्त्व मोठे. पण अहवालाने त्यांना जेमतेम चार पाने दिली आहेत, आणि हीच उणीव मला सर्वाधिक खटकते.

विक्रीनंतरच्या सेवेबद्दलही नाराजी आहे. अहवाल केवळ विक्रेत्याच्या संकेतस्थळावरच उघडतो, छापता येत नाही आणि परवाना एकाच व्यक्तीच्या नावे असल्याने ग्रंथालयात ठेवता येत नाही. आषाढात वीज आणि इंटरनेट एकदम गेले की ऐन तासाला तो हाताशी नसतो. तंत्रज्ञानाची प्रकरणे सुटी मिळतील का, अशी विचारणा केली असता नकार आला. घेणाऱ्यांनी पैसे भरण्यापूर्वी छापील प्रत आणि ग्रंथालयाचा परवाना या दोन्ही गोष्टी विक्रेत्याकडून लेखी मागून घ्याव्यात.